‘डिबंक’ कुठे चालतं, कुठे नाही

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात ‘डिबंक’ शिकवायला घेतलं की मागच्या बाकावरून हमखास उत्तर येतं, “मॅडम, लेक्चरला बसणं!” लेक्चर बंक करण्याची सवय, दुसरं काय. तो बंक विसरा. झोपायचा बंकही विसरा. इथला बंक म्हणजे थोतांड, आणि डिबंक म्हणजे एखादी गोष्ट थोतांड आहे हे दाखवून देणं.

हे थोतांड मूळचं अमेरिकेतलं. नॉर्थ कॅरोलायनात बंकम नावाची काउंटी आहे. 1820 मध्ये मिझुरीला गुलामगिरीसकट राज्याचा दर्जा द्यायचा का, यावर संसदेत काथ्याकूट चालला होता. सगळे कंटाळून मतदान घ्या म्हणत असताना तिकडचे खासदार फेलिक्स वॉकर उठले. बसा म्हटलं तरी बसेनात. मला बंकमसाठी बोलायचंच आहे, म्हणाले. म्हणजे मतदारांना दाखवायला! (असे वॉकर शोधायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही.) तेव्हापासून पोकळ बडबडीला ‘बंकम’ म्हणू लागले, पुढे त्याचं नुसतं ‘बंक’ उरलं. 1923 मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ‘बंक’ याच नावाच्या कादंबरीत त्याला ‘डी’ जोडून क्रियापद केलं.

आता वापर. सगळी मेख कर्मात आहे. दावा, अफवा, गैरसमज, भाकडकथा, हे डिबंक होतात; माणूस सहसा होत नाही. सप्टेंबर 1995 मध्ये गणपती दूध पितो अशी आवई उठली. चमच्यातलं दूध मूर्तीला टेकलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं, हे वैज्ञानिकांनी समजावून सांगितलं. इथे ‘सायंटिस्ट्स डिबंक्ड द क्लेम’ चपखल बसतं. लाचखोराचं पितळ उघडं पाडलं तर ‘एक्स्पोज’. गुपित फोडलं तर ‘रिव्हील’. आणि एखाद्याचं प्रामाणिक संशोधन पुराव्याने खोडून काढलं तर ‘डिस्प्रूव्ह’ पुरे. डिबंकमध्ये ‘हे मुळातच पोकळ होतं’ असा टोमणा असतो.

अडलात तर कर्माच्या जागी ‘थोतांड’ घालून बघा. वाक्य तग धरतं? मग बिनधास्त लिहा.

उच्चारात जोर ‘बंक’वर. आणि त्याच्यामागे थेट ‘दॅट’ जोडू नका. मध्ये ‘द मिथ’ किंवा ‘द आयडिया’ हवं. ‘डिबंक द मिथ दॅट…’ असं. चूक ओळखा प्रकारच्या प्रश्नात नेमकं हेच विचारता येतं.