हवामानाचा अंदाज बघताय? मग या चुका टाळा

एप्रिलच्या मध्याला हवामान विभागाचा हंगामी अंदाज आला की आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे पारावर एकच आकडा फिरतो. जसा २०२५ ला, सरासरीच्या १०५ टक्के पाऊस, म्हणजे यंदा पाणीच पाणी! अहो, तो आकडा अख्ख्या देशाचा, जून ते सप्टेंबरचा. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरून काढलेला, त्यातही ५ टक्के इकडे-तिकडे गृहीतच. एकाच जिल्ह्यात इगतपुरीला छत्री मिटत नाही आणि येवल्याला ढगांकडे बघत बसावं लागतं. मेअखेरीस सुधारित अंदाज येतो, तो वाचून बियाणं-खताचा हिशेब जरूर करा. पेरणीची तारीख मात्र त्यात शोधू नका. २०२५ ला मान्सून २६ मे रोजीच मुंबईत आला आणि मग जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मी तर खुरप्याने उकरून वीतभर ओल दिसल्याशिवाय बियाण्याची पिशवी फोडतच नाही.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची. हंगामाचा अंदाज चांगला, म्हणून आजच्या वादळाकडे काणाडोळा.

शेजारच्या मळ्यात एक पोरगा, नोकरी सोडून नुकताच शेतीत आलेला. एप्रिलमध्ये कांदा काढून पोळ, म्हणजे शेतातच कांद्याचा ढीग, घातलेली. दुपारी जिल्ह्याला पिवळा इशारा होता, मेघगर्जना आणि सोसाट्याचा वारा. त्याला म्हटलं, झाकून घे. तो मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, २० तारखेपर्यंत आभाळ कोरडं आहे, हा मेसेज बघा. आणि पिवळा म्हणजे किरकोळच की!" मेसेजवर महिना होता, वर्ष नव्हतं. तो आदल्या वर्षीचा निघाला. चारच्या सुमारास चांदवडच्या डोंगरांकडून काळोखी आली तेव्हा हा पळत ताडपत्री अंथरायला गेला. चार कोपऱ्यांवर चार दगड! आधी वारा आला, पाऊस मागून. ताडपत्री उडाली ती थेट माझ्या द्राक्षाच्या मंडपावर. कांदा भिजला, आणि भिजलेला कांदा तसाच चाळीत भरल्याने पुढे सडला.

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हाला. पण रंग जिल्ह्याचा असतो, वादळ तुमच्या शेतावर येतं. माझी सवय अशी: पिवळा दिसला की दुपारच्या जेवणाआधी पोळ झाकायची, कडा मातीत गाडायच्या, वाऱ्याच्या बाजूला मातीने भरलेल्या गोण्या, वरून आडवा दोर. मग दर तीन तासांचा तात्काळ अंदाज बघत राहायचं. ढग दिसल्यावर झाकणं म्हणजे झाकणं नव्हेच. ऊन पडलं तर उघडायला दहा मिनिटं लागतात, त्याचा कंटाळा करणाऱ्यांनी शेती करू नये.

अवकाळी फक्त एप्रिल-मेमध्येच येतो असंही समजू नका. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाडच्या द्राक्षबागा गारपिटीनेच झोडपल्या.

जवळपासच्या विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप टाकायचं आणि लोकेशन बंद ठेवायचं, याला काय म्हणावं? विजा चमकत असताना आंब्याखाली थांबू नका.

आणि शहरवाल्यांनो, पंचवटीत ऊन असलं तरी त्र्यंबककडे धो-धो चालू असू शकतं. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचं पाणी कुठपर्यंत लागलं ते बघायला जाण्याआधी गोदाघाटावर लावलेली गाडी काढा.