काडतुसाची लांबी ठरवताना या चुका टाळा

इकडे टेक्सासला आल्यावर घरीच काडतुसं भरायचा नाद लागला, गॅरेजमध्ये त्यासाठीचा प्रेस बसवलाय, .308 विंचेस्टर ही रायफलीची काडतुसं भरतो. नवीन माणूस पावडर तोलताना श्वास रोखून बसतो आणि लांबीला (बुडापासून बुलेटच्या टोकापर्यंत) मात्र ‘लोडिंगच्या पुस्तकात दिलीय की’ म्हणून मोकळा होतो. तिथेच गंडतं.

.308 ला सॅमीची (SAAMI, काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकेतली संस्था) कमाल लांबी 2.810 इंच, पण हा आकडा कुठल्याही रायफलीत काडतूस बसावं म्हणून ठरवलेला. तुमच्या बॅरलमध्ये लँड्स, म्हणजे आतल्या पिळाच्या उंच कडा, कुठून सुरू होतात ते पुस्तकाला काय माहीत? आणि 168 ग्रेन वजनाच्याच दोन कंपन्यांच्या बुलेट घेतल्या तरी आकार वेगळा, एक आधी टेकते एक नंतर, म्हणजे बुलेट बदलली की माप परत काढायचं, आळस करायचा नाही.

साधी पद्धत सांगतो. रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद करा, चपट्या टोकाचा क्लीनिंग रॉड बॅरलच्या तोंडाकडून आत सोडा, बोल्टला टेकला की तोंडापाशी रॉडवर खूण करा. मग बोल्ट काढून नुसती बुलेट चेंबरमधून (काडतूस बसतं ती जागा) आत सोडायची, मागून पेन्सिलीने हलकेच धरायची आणि रॉड तिच्या टोकाला टेकवून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे लँड्सना टेकणारी लांबी. जोरात दाबलंत की बुलेट आत रुतते आणि माप खोटं येतं, म्हणून चार-पाच वेळा करा.

त्यानंतर लोक भरलेली काडतुसं टोकावरून मोजत बसतात. होलो पॉइंटची (टोकाला भोक असलेल्या बुलेटची) टोकं एका डब्यातलीसुद्धा सारखी नसतात, कॅलिपर दर वेळी वेगळं सांगतो आणि आपण उगाच बुलेट बसवणाऱ्या डायला शिव्या घालतो. कंपॅरेटर (कॅलिपरला लावायचं जोडसाधन) घ्या, ओजाइव्हवरून, म्हणजे बुलेटच्या निमुळत्या वळणावरून मोजा.

माझी स्वतःची फजिती ऐका. अचूकता वाढेल म्हणून बुलेट लँड्समध्ये रुतवून भरल्या, रेंजवर फायर न करता बोल्ट उघडला तर नुसती केस (काडतुसाचं पितळी कवच) बाहेर, बुलेट बॅरलमध्ये अडकलेली आणि पावडर सगळी ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्टच्या यंत्रणेत, ट्रिगरपर्यंत. घरी येऊन दाणा न् दाणा काढत बसलो. आणि हे नुसतं कटकटीचं नाही, बुलेट लँड्सना टेकलेली असली की प्रेशर वाढतं, त्यामुळे पावडरचा चार्ज आधीचाच ठेवून असलं काही करू नका. मी आता लँड्सपासून 0.020 इंच मागे ठेवून सुरुवात करतो, अख्ख्या तांब्याच्या बुलेटला 0.050.

मग घाबरून खूप खोल बसवणारेही आहेत. केसमधली जागा कमी होते, प्रेशर तिकडूनही चढतं.

मॅगझिनचं तर शेवटी आठवतं लोकांना. पन्नास राउंड भरून झाल्यावर कळतं की मॅगझिनमध्ये जातच नाहीत. आधी एक डमी बनवा, पावडर-प्रायमर काही नाही, मॅगझिनमधून चेंबरपर्यंत चालवून बघा, बाहेर काढल्यावर बुलेटवर लँड्सच्या रेघा उठल्यात का तेही बघा. उठल्या असतील तर अजून मागे घ्या.