ऑफिसचं दफ्तर: काय ठेवायचं, काय फाडायचं, कधी

आमच्या ऑफिसात पाठकोरे कागद ट्रेमध्ये जमायचे आणि कच्च्या प्रिंटसाठी वापरले जायचे. काटकसर म्हणून सगळ्यांना त्याचं कौतुक. एकदा कँटीनच्या मेनूचा कागद भिंतीवरून गळून पडला आणि उलटा दिसला. मागे एका सहकाऱ्याची पगारपावती! खातेनंबर, पॅन, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, सगळं. ट्रे त्याच दिवशी गेला आणि दफ्तर आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ते कसं करावं, ते सांगतो.

आधी मोजदाद करा, पण कपाटापासून नको, फोनपासून. व्हॉट्सॲपवर मागवलेले आधारचे फोटो, नोकरी सोडून गेलेल्याच्या ड्राइव्हवरच्या याद्या, कुणाच्या तरी ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह. भाड्याच्या झेरॉक्स मशीनमध्येही बऱ्याचदा हार्ड डिस्क असते. मशीन परत देताना ती पुसून घ्या. वहीत चार रकाने आखा: काय, कुठे, कुणाकडे, कशासाठी. शेवटच्या रकान्यात ‘असू दे, लागेल कधीतरी’ असं उत्तर आलं की तिथे लाल खूण करा. आमच्या वहीचं पहिलं पानच लाल झालं होतं.

मग प्रत्येक फाइलला मरणाची तारीख द्या. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर मागच्या ८ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. म्हणजे २०१७-१८ ची पुस्तकं १ एप्रिल २०२६ पासून मोकळी. जीएसटीची मुदत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरायचं होतं, तेव्हा ती कागदपत्रं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. एकाच कागदाला दोन कायदे लागत असतील तर लांबची मुदत धरा. सभांची इतिवृत्तं कायमची. अपील किंवा चौकशी चालू असेल तर फाइलवर ‘थांबा’ अशी चिठ्ठी लावा, मग तारीख उलटली तरी हात लावायचा नाही. पीएफच्या कागदांबाबत मी चिकट आहे: रुजू झाल्याची तारीख चुकली म्हणून माणसं कितीतरी वर्षांनी येतात.

ही तारीख फाइल बंद होते त्याच दिवशी पाठीवर ठळक लिहा. नंतर कुणी लिहीत नाही. सरकारी दफ्तराला आपण हसतो, पण तिथल्या सहा गठ्ठे पद्धतीत ‘नष्ट करावयाची कागदपत्रे’ असा वेगळा गठ्ठाच असतो. आपल्याकडे थेट माळा.

माणसांच्या खासगी माहितीला आणखी एक कात्री लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत दिली आहे. मुद्दा साधा आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसरा कुठला कायदा ती ठेवायला सांगत नसेल, तर पुसा. नुसता कागद या कायद्यात येत नाही, पण स्कॅन केलात की आला. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून उत्साहाच्या भरात जुनं कपाट सरसकट स्कॅन करू नका. निवड न झालेल्यांचे बायोडेटा आम्ही एक वर्ष ठेवतो. आधारची प्रत लागलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी, मास्क केलेली घ्या. आणि गेटवरचं रजिस्टर बघा: येणारा प्रत्येक जण आधीच्या पाहुणीचा मोबाइल नंबर आरामात वाचतो. आम्ही चिठ्ठ्या सुरू केल्या.

फाडायचं काम वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये. यादी करा, अकाउंट्स आणि एचआर दोघांच्या सह्या घ्या, मग श्रेडर. रद्दीवाल्याला किलोवर अजिबात नाही. तेच कागद बॅकअपमध्ये आणि मेलमध्ये शिल्लक नाहीत ना, हेही त्याच दिवशी तपासा. सह्यांची यादी मात्र जपून ठेवा; उद्या कुणी ‘ती फाइल कुठे?’ विचारलं तर तोच पुरावा.

तरी माहिती फुटलीच तर झाकू नका. नियम लागू झाल्यावर संबंधित माणसांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावं लागेल, मंडळाला तपशील ७२ तासांत. कोण कळवणार, त्याचं नाव आजच वहीत लिहा.

आमचा पाठकोऱ्यांचा ट्रे आता परत आलाय. त्यात फक्त कँटीनचे जुने मेनू पडतात.