ऑटोकॅडमध्ये कॉपीसाठी एकच अक्षर

जुळे सोलापुरातल्या बंगल्यांचे प्लॅन काढताना माझा निम्मा वेळ कॉपीत जातो. त्याच खिडक्या, तेच कॉलम. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र 'सी' दाबलं की सर्कल येतं, कॉपीला 'सीओ'. सर्कल मला क्वचितच लागतं, म्हणून अदलाबदल केली.

'मॅनेज' टॅबमध्ये 'एडिट अलायसेस' दाबलं की पीजीपी फाईल, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठली कमांड याची यादी, नोटपॅडमध्ये उघडते. इथूनच उघडा. फोल्डरात शोधायला गेलात तर भलतीच प्रत हाती लागू शकते, मग कितीही बदल करा, फरक पडत नाही. वरच्या मूळ ओळींना अजिबात हात लावू नका, थेट तळाशी जा. एकच अक्षर दोनदा आलं तर शेवटची ओळ चालते. तिथे इंग्रजीत लिहायचं: सी, स्वल्पविराम, तारांकन आणि त्याला चिकटून कॉपी. खालच्या ओळीत सर्कलला हवं ते मोकळं अक्षर द्या.

सेव्ह करून 'रीइनिट' कमांड द्या, पीजीपीच्या चौकोनात टिक करा. सॉफ्टवेअर बंद करावं लागत नाही, हे मला फार आवडलं. मशीन बदलणार असाल तर ही फाईल आधी पेनड्राइव्हवर घ्याच.

कंट्रोल दाबून चालणारे शॉर्टकट इथे नसतात, त्यांच्यासाठी 'सीयूआय' कमांड आहे.