कारखान्याच्या आवारातील फायबर रिंगची आखणी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याचे फाटक, कार्यालय, उत्पादन विभाग आणि पंपघर फायबर रिंगने, म्हणजे प्रकाशीय तंतूंच्या केबलच्या बंद वर्तुळाने, जोडायचे असेल, तर स्विच (प्रत्येक इमारतीत या केबल जोडणारे नेटवर्क उपकरण) निवडण्यापूर्वी नकाशा हाती घेऊन आवाराची फेरी मारावी. कागदावर वर्तुळ दिसणाऱ्या रिंगच्या दोन्ही बाजू जमिनीत पुष्कळदा एकाच चरातून गेलेल्या असतात, आणि मग जेसीबीच्या एकाच घावाने दोन्ही तुटतात. म्हणून जाणारी आणि परतणारी केबल वेगळ्या चरांतून न्यावी आणि प्रत्येक इमारतीत त्यांना वेगवेगळ्या बाजूंनी प्रवेश द्यावा; त्यासाठी केबल लांब पडली तरी हा खर्च टाळू नये. विश्वामित्रीच्या पुराचा अनुभव असलेल्या या शहरात सखल जागेत जोडाचे चेंबर बांधू नये आणि स्विचचे रॅक जमिनीपासून पुरेसे उंच बसवावेत.

विजेचा विचारही तितकाच निकडीचा आहे. रिंग एक बिघाड सोसते. दोन ठिकाणी तुटली की मधला भाग एकटा पडतो. रिंगमध्ये एकमेकांशेजारी नसलेल्या दोन इमारतींचे स्विच एकाच फीडरवर (वीजपुरवठ्याच्या वाहिनीवर) असतील, तर तो फीडर बंद पडताच हेच घडते. प्रत्येक स्विचला यूपीएस द्यावा आणि शक्य तेथे अशा इमारतींचे फीडर वेगळे ठेवावेत.

केबल जी.६५२.डी या मानकाची सिंगल-मोड (प्रकाशाला एकच मार्ग देणाऱ्या बारीक गाभ्याची) घ्यावी. दोन किलोमीटरच्या दुव्यासाठी १३१० नॅनोमीटरवर सिग्नलची घट किलोमीटरमागे ०.३५, प्रत्येक स्प्लाइसला (तंतूंच्या कायमच्या जोडाला) ०.१ आणि प्रत्येक कनेक्टरला ०.५ डेसिबल धरल्यास, चार स्प्लाइस व दोन कनेक्टरांसह एकूण घट २.१ डेसिबल होते. एखादी इमारत वगळून तिच्या दोन्ही बाजूंच्या केबल पॅच करून थेट जोडाव्या लागल्या, तरी सिग्नल पुरेल इतकी राखीव क्षमता एसएफपीत (स्विचमध्ये बसणाऱ्या, प्रकाशाचा सिग्नल पाठवणाऱ्या व घेणाऱ्या मॉड्यूलमध्ये) असावी.

डेटा रिंगमध्ये गोल फिरत राहू नये म्हणून जी.८०३२ हा रिंग सांभाळणारा प्रोटोकॉल वापरावा. सोळापेक्षा कमी स्विच असलेल्या रिंगमध्ये तो ५० मिलिसेकंदांच्या आत मार्ग बदलण्यासाठी आखलेला आहे. रिंग तुटल्यावर सारी वाहतूक उरलेल्या एकाच बाजूने जाते, त्यामुळे दुव्याची क्षमता त्या स्थितीसाठी मोजावी.

शेवटी वाहतूक चालू ठेवून प्रत्येक दुवा तोडून पाहावा. पाठवणारा आणि घेणारा अशा तंतूंच्या जोडीतला एकच तंतू काढण्याची चाचणी मात्र विसरू नये, कारण काही स्विचना असा एकतर्फी बिघाड ओळखता येत नाही आणि दुवा चालू दिसत राहतो.