आजीची गीते जपून ठेवताना

रत्नागिरीच्या दमट हवेत कागद लवकर खराब होतो, म्हणून आजीच्या आठवणी जपण्याचे काम तिच्या ख्रिस्ती उपासनागीतांच्या पुस्तकापासून आणि पावसाळ्यापूर्वीच सुरू करावे. पुस्तक उन्हात न ठेवता सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवावे, कसर मऊ ब्रशने झाडावी आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र समासासह घ्यावे. समास महत्त्वाचा असतो. माझ्या आजीने एका भजनाशेजारी पेन्सिलीने ‘बाळाला ताप, रात्रभर’ एवढेच लिहिले होते, आणि तिची प्रार्थना व तिचे घर एकमेकांपासून वेगळे नव्हते, हे मला त्या तीन शब्दांत दिसले.

मराठी ख्रिस्ती उपासनेत कवी नारायण वामन टिळक (1861–1919) यांची अभंगाच्या वळणाची पदे आजही गायली जातात. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातलाच. आजीच्या पुस्तकातही त्यांची पदे असू शकतात, त्यामुळे गीत कोणाचे, हे छापील पुस्तकावरून ताडून घ्यावे. चाल मात्र आजीचीच नोंदवावी, कारण ती कुठे थांबे आणि कोणता शब्द लांबवी, हे छापलेले नसते.

त्यासाठी तिच्याबरोबर गाणाऱ्या मावशींना घरी बोलवावे, पेटीवर आजीची पट्टी शोधावी आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवावा. त्या मध्येच थांबून आजीबद्दल बोलू लागल्या, तर मुद्रण मुळीच थांबवू नये. स्मरणदिनी तीच चाल नातवंडांकडून, आजीच्याच पट्टीत म्हणवून घ्यावी.