एकाच शब्दासाठी साइटची दोन पानं गूगलवर आलटून पालटून येत असतील तर (माझा अनुभव)

मामेभावाच्या होमस्टेची साइट. 'तारकर्ली होमस्टे' शोधलं की कधी मुखपृष्ठ दिसायचं, कधी 'खोल्या व दर' हे पान, आणि क्रमांक सारखा वरखाली. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी) भरून उपयोग नव्हताच. गूगलने तो क्रमवारीत धरत नसल्याचं 2009 मध्येच जाहीर केलंय. मजकुरात शब्द कोंबूनही पाहिला, फरक शून्य. डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) 'परफॉर्मन्स' उघडलं, क्वेरीजमध्ये त्या शब्दावर क्लिक केलं आणि 'पेजेस' टॅब पाहिला. दोन्ही पानांना इंप्रेशन्स, म्हणजे त्या शब्दाच्या निकालांत दोन्ही दिसत होती! म्हणजे भांडण घरातच.

तो शब्द मुखपृष्ठाला दिला: टायटल (निकालात दिसणारं पानाचं नाव), एच-वन (पानावरचं मुख्य शीर्षक) आणि पहिलं वाक्य, बस. दुसऱ्या पानाचं टायटल आणि एच-वन बदलून 'खोल्यांचे दर आणि मालवणी जेवण' केलं. मग आतल्या लिंक्स तपासल्या. खरी मेख इथेच होती: फूटरमधली (पानाच्या तळाची पट्टी) 'तारकर्ली होमस्टे' ही लिंक प्रत्येक पानावरून दरांच्या पानाकडे जात होती. ती मुखपृष्ठाकडे वळवली. शेवटी दोन्ही पानांचे पत्ते सर्च कन्सोलच्याच यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबलं, म्हणजे गूगलला पानं पुन्हा पाहायला सांगितलं.

काही आठवड्यांत मुखपृष्ठ एकटंच दिसू लागलं, तेही गूगलच्या निकालांच्या पहिल्या पानावर. कॅनॉनिकल टॅग (सारख्या पानांतलं मुख्य कोणतं ते गूगलला सांगणारा) मुद्दाम लावला नाही, कारण दोन्ही पानांचा मजकूर वेगळा आहे. तुमचा सारखाच असेल तर दुसरं पान सरळ 301 रीडायरेक्ट करा, म्हणजे कायमचं पहिल्याकडे वळवा.